फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्याला जवळ घ्यायचं की नाही?

शेरूची आई:
फटाक्यांचे दिवस जवळ आलेत आणि माझ्या पोटात आत्तापासूनच गोळा आलाय. शेरू सात वर्षांचा आहे, एरवी एकदम धीट, पण पहिला बार वाजला की बाथरूममध्ये कमोडच्या मागे जाऊन बसतो, कान मागे, तोंडातून लाळ, आणि पाठीवर हात ठेवला की थरथर हाताला लागते. घरचे म्हणतात जवळ घेऊ नकोस, लाडावेल आणि अजून घाबरेल. मला तर बघवत नाही. दुसरं म्हणजे, मागच्या वेळच्या एसीप्रोमाझिनच्या, म्हणजे गुंगीच्या, गोळ्या उरल्यात, त्याच देऊ का? ती दिली की गप्प पडून राहतो, पण डोळे टक्क उघडे असतात.

मोतीवाला:
ताई, खुशाल जवळ घ्या. घाबरणं म्हणजे काही वाईट खोड नाही की लाड केले म्हणून वाढेल. अंगाला चिकटून बसला तर बसू द्या. कमोडमागे गेला तर मात्र ओढून काढू नका, त्याने निवडलेली जागा आहे ती, तिथेच जाड चादर टाका, खिडकी बंद करा, पंखा नाहीतर टीव्ही चालू ठेवा.

आणि सगळ्यात कामाचं, बार वाजला की लगेच त्याचा सगळ्यात आवडता खाऊ द्यायचा, प्रत्येक बाराला, शहाण्यासारखा बसलाय का वगैरे बघायचं नाही. आधी आवाज, मग खाऊ, हा क्रम उलटा झाला तर खाऊ दिसला की आता वाजणार असं त्याच्या डोक्यात बसतं. 2020 मध्ये 1,200 हून जास्त कुत्रेपालकांना विचारून केलेला एक अभ्यास आला होता, त्यात हे करणाऱ्यांपैकी 70 टक्क्यांहून जास्त लोकांनी गुण आला म्हटलं, अंगाला घट्ट बसणाऱ्या जॅकेटला 44 टक्के, आणि हर्बल, होमिओपॅथी, फेरोमोन (वासाने शांत करणारे फवारे) वगैरे सगळे 35 टक्क्यांच्या आत.

रेकॉर्ड केलेले आवाज अगदी हळू लावून सवय करतात तेही चांगलं आहे, पण ते काही आठवडे आधी, शांत दिवसांत. आता नका सुरू करू.

प्राण्यांची डॉक्टर:
ती गोळी नका देऊ प्लीज. एसीप्रोमाझिनने अंग सुस्त पडतं पण भीती जात नाही, काही कुत्रे तर आवाजाने उलट जास्तच दचकतात. तुम्हाला दिसलेले उघडे डोळे तेच सांगतायत, तो आतून घाबरलेलाच आहे, फक्त पळता येत नाहीये. बिचाऱ्याचे किती हाल होत असतील!

भीती कमी करणारी औषधं वेगळी आहेत, ट्रॅझोडोन, गॅबापेन्टिन, हिरडीला लावायचं डेक्समेडेटोमिडिनचं जेल. पण वजन, हृदय, लिव्हर बघूनच डोस ठरतो, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांकडे आत्ताच जा. ही औषधं आवाज सुरू व्हायच्या आधी द्यायची असतात, आणि शांत दिवशी एकदा देऊन बघा म्हणजे त्याला कशी मानवतात ते कळेल. माणसांची झोपेची गोळी तर अजिबात नको.

एक विचारते, ही भीती लहानपणापासून आहे का? या वयात अचानक सुरू झाली असेल तर सांधे तपासून घ्या, दुखत असेल तर दचकल्यावर अजून कळ येते आणि भीती पक्की होते.

दोन बोके:
मांजरवाल्यांसाठी पण लिहिते, कारण मांजर आरडाओरडा करत नाही, पलंगाखाली जाऊन बसतं आणि आपल्याला वाटतं झोपलंय. खाणं, पाणी, लिटर (शी-शूची पेटी) तिथेच जवळ सरकवा. बोका लिटरमध्ये परत परत बसतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, टेन्शनने मूत्राशयाला सूज येऊन मार्ग बंद होऊ शकतो, जिवावर बेततं.

शेरूची आई:
भीती दोनेक वर्षांतलीच आहे, आणि हल्ली जिना चढताना थांबतो खरा, ते मी वयावर ढकललं होतं. उद्याच दाखवते. भर आवाजात खाऊला तोंडसुद्धा लावत नाही, तेव्हा काय करू?

प्राण्यांची डॉक्टर:
मग त्याची भीती खाऊच्या पलीकडे गेलीय, त्याला औषध लागणारच, जिन्याचं आणि हे दोन्ही डॉक्टरांना सांगा. औषधाने जरा सैलावला की खाऊ घेईल.

मोतीवाला:
आणि फिरवणं उजेडातच उरका, गळपट्ट्यासोबत छातीभोवतीचा हार्नेस पण घाला, घाबरला की मान मागे खेचून निसटतात. कातडीखाली ओळखीची चिप बसवली असेल तर तिच्या 15 आकडी नंबरापुढे तुमचा आत्ताचा फोन नोंदलाय ना तेवढं बघून घ्या.