बी.एड.ला नंबर लागण्याआधीच दाल मिल सोडू का?

धरणगावची लेक
नमस्कार. बी.एस्सी. झाले आहे, जळगाव एमआयडीसीतल्या एका दाल मिलच्या लॅबला आहे. बी.एड.ची सीईटी दिली, मार्क बरे पडले. कॅप राउंड, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या, अजून सुरू व्हायच्यात.

काम जड नाही, पण मन उडालंय. तुरीची गाडी काट्यावर आली की पोत्याला परखी (नमुना काढायची टोकदार नळी) मारायची, दाणे मॉइश्चर मीटरमध्ये टाकायचे. मीटर ११ दाखवतं आणि मालक म्हणतात, १३ लिही. ओला माल म्हटला की भाव पाडता येतो. गाडीसोबत आलेला माणूस समोरच उभा असतो, टोपी हातात घेऊन. आमच्याही घरी तूर-कापूस आहे हो! तिथे कोणी असंच लिहीत असेल.

आई म्हणते, दे सोडून. वडील गप्प. दिवाळीनंतर पाच वर्षं होतील. राजीनामा आत्ता देऊ, की प्रवेश झाल्यावर? की नोकरी सांभाळून बी.एड. होईल?

पाचोरेकर
ताई, नोकरी सांभाळून रेग्युलर बी.एड. विसराच. दोन वर्षांचा कोर्स, हजेरी ८० टक्के, शाळेतल्या इंटर्नशिपला तर ९०. पण आत्ता राजीनामा देऊ नका. आमच्या मंडळींच्या वेळी कॅप लांबत लांबत गणपती येऊन ठेपले. आधीच नोकरी सोडलेल्या तिच्या मैत्रिणी तोवर घरी बसून होत्या, आणि घरी बसलेल्या पोरीला नातेवाईक काय विचारतात ते तुम्हाला माहीत आहे. नंबर लागला की त्याच दिवशी नोटीस द्या.

हिशोबी भो, भुसावळ
पाच वर्षांचं बोललात म्हणून सांगतो. सलग पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटी. बेसिक आणि डीए गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. बेसिक १४ हजार धरलं तर ४० हजारांच्या वर जातं. पीएफसुद्धा पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागतो, तो आहे तिथेच राहू द्या. आणि सोडल्यावर पोर्टलवर 'डेट ऑफ एक्झिट' भरली गेली का बघा, मिलवाले विसरतात.

रिटायर मास्तर, अमळनेर
भो, हिशोब बरोबर, पण प्रवेश दिवाळीची वाट बघत नाही. पोरी, ४० हजारांसाठी वर्ष घालवू नको. मात्र बी.एड. झालं म्हणजे नोकरी लागली असंही धरू नको. पुढे टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता परीक्षा आहे, शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल आहे, जाहिरातीची वाट आहे. तोवर घरखर्चाला किती लागेल ते वडिलांसमोर बसून मांड. त्यांचं गप्प बसणं बहुतेक त्याचंच आहे. ओबीसीत येत असशील आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर २०२४ पासूनची मुलींची फीमाफी बघ. कॅपमधूनच प्रवेश घे, मॅनेजमेंट कोट्याला ती मिळत नाही. आणि तोवर १३ लिहायला सांगितलं तर मालकांनाच सही करायला सांग.

धरणगावची लेक
मास्तर, ओबीसीच आहे. नियुक्तिपत्र शोधलं, एक महिन्याची नोटीस आहे. अलॉटमेंट येईपर्यंत थांबते, ग्रॅच्युइटीचं बघू. सहीचं आज सांगितलं. मालक चिडले, पण चिठ्ठी मीटरप्रमाणे गेली. उद्या अर्धा दिवस सुट्टी टाकून उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला जाते, तलाठी आप्पा जागेवर असले तर.