शिकवणीने गुण वाढतात, की नुसते तास?

कोरीवही: मुलगी नववीत. गणितात डगमगायला लागली तशी शिकवणी लावली. सहा महिन्यांत गुण वाढले, तक्रार नाही. पण परवा थोडं वेगळं उदाहरण घातलं तर हातही न लावता म्हणाली, "हे आम्हाला अजून करून दिलेलं नाही." तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. माझं मत: शिकवणी गुण वाढवते आणि स्वतः झगडायची सवय मोडते. एकूण हिशेब तोट्याचाच.

खडूधूळ: नाही पटलं. (मी स्वतः शिकवण्या घेतो, तेव्हा पक्षपाती समजायला हरकत नाही.) अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली मांडलं होतं की एकट्याला बसवून शिकवलेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या सुमारे ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो. का, ते मी रोज बघतो. ‘बीजगणित जमत नाही’ म्हणून आलेल्या मुलाचे बऱ्याचदा अपूर्णांकच कच्चे असतात. भरलेल्या वर्गात हे कोणाला दिसणार? शेजारी बसलं की पाच मिनिटांत दिसतं.

तिसराबाक: ब्लूम यांचा आकडा सगळे फेकतात, त्यामागची अट कोणी सांगत नाही. त्या मुलांची घटकागणिक चाचणी व्हायची, चुका दुरुस्त करून घ्यायचे, परत चाचणी. घटक पक्का झाल्याशिवाय पुढचा नाही. मग श्रेय एकट्या शिकवणीचं कसं? संशोधक कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ मध्ये बरेच प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा ब्लूम यांच्या दोन प्रमाण विचलनांच्या (गुण सरासरीपासून किती दूर ते मोजायचं माप; ९८ टक्के म्हणजे साधारण दोन) जागी साधारण ०.७९ हाती लागलं. तेही कमी नाही, मान्य. पण साठ मुलं कोंबलेल्या क्लासला ते लावू नका. ती शाळेनंतरची दुसरी शाळा झाली, आणि मुलाची झोप त्यातच जाते.

उंबरठा: मुळात तुलनाच फसवी आहे. मागे पडलेली मुलं शिकवणी लावतात, तशी आधीच पुढे असलेली, खिसा भरलेल्या घरांतलीही लावतात. पहिल्यांकडे बघितलं तर शिकवणी निरुपयोगी वाटते, दुसऱ्यांकडे बघितलं तर जादू. दवाखान्यात आजारी माणसं जास्त दिसतात, म्हणून काय दवाखान्याने आजार होतो?

तिसराबाक: खिशाचा विषय निघालाच आहे तर, दक्षिण कोरियाने १९८० मध्ये खासगी शिकवण्यांवर बंदी घातली होती. २००० मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती रद्द केली. चीनने २०२१ मध्ये शालेय विषयांच्या नफेखोर क्लासवर घाला घातला, तर शिकवण्या चोरून चालू लागल्या. परवडणाऱ्यांना वाट सापडतेच.

कोरीवही: खडूधूळ, एक सांगा. मूल अडलं की तुम्ही किती वेळ गप्प बसता?

खडूधूळ: खरं सांगू? दोन मिनिटं. त्यापुढे माझाच धीर सुटतो. तास संपायच्या आधी पालक दारात उभे, "आज किती उदाहरणं झाली?" मुलगा अर्धा तास एकाच उदाहरणाशी झटत होता, हे कोणत्या तोंडाने सांगू? तुमच्या मुलीचं ते वाक्य माझ्याही मुलांच्या तोंडी आहे, नाकारत नाही. पण अपूर्णांक कच्चे ठेवून तिला एकटीला झगडायला लावलं असतं तर ती काय शिकली असती, तेही सांगा.