पेट्रोल नकोच, टर्पेंटाइन वापरा

गाडीचे कार्बुरेटर आणि चेन असे सुटे भाग धुवायला घरी टाकी बनवून तिच्यात पेट्रोल भरा आणि ते फिरवायला कूलरचा पंप सोडा, असं काहीजण सुचवतात. कृपया तसं करू नका. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, उणे 40 अंश सेल्सियसच्या आसपास असतो, आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत लांबच्या ठिणगीपर्यंत पोचते. मिनरल टर्पेंटाइनचा (रंग पातळ करायला वापरतात ते) साधारण अधिक 40. पण मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये तेवढं तापमान सहज होतं, म्हणून झाकण आणि मोकळी हवा हवीच.

कूलरचा पंप आत सोडू नका, तो फक्त पाण्यासाठी असतो. ब्रशने धुतलेलं पुरतं. तळापासून चार बोटं वर जाळी बसवा. गाळ खाली राहतो, वरचं टर्पेंटाइन कापडातून गाळून पुन्हा वापरता येतं. रबरी सील आधी काढून ठेवा, फुगतात.