मुदत नसलेली शिक्षा
एखाद्याच्या बोलण्यावरून त्याच्यावर सामूहिक बहिष्कार टाकणे म्हणजे टीकेचीच पुढची पायरी आहे, असे काही जण म्हणतात; हे मत मला पटत नाही. टीकेला उत्तर देता येते. व्यासपीठच काढून घेतल्यावर उत्तर द्यायला जागा उरत नाही. प्राचीन अथेन्समध्येही मतदानाने माणसाला हद्दपार करत, पण त्यासाठी किमान ६००० मते पडावी लागत, मुदत १० वर्षांची असे आणि मालमत्ता व नागरिकत्व शाबूत राहत असे. असाच हद्दपार झालेला अथेन्सचा नेता अरिस्टायडीस याला तर पर्शियन आक्रमणाच्या वेळी मुदतीआधीच परत बोलावले गेले. आज एखादे जुने वाक्य उकरून काढले जाते आणि माफी मागितली तरी शिक्षा कधी संपणार, हे सांगणारे कोणी नसते. हे पाहणारे बाकीचे लोक मत बदलत नाहीत, ते फक्त बोलायचे थांबतात, आणि चारचौघांत खोडली गेली असती अशी मते खासगी गटांत बिनविरोध घट्ट होत जातात.