लोकलच्या खिडकीतून बाहेर बघताना डोळे असे झटके का खातात?

ऐरोलीकर_विंडोसीट
ठाणे-वाशी लोकलने रोज ऑफिसला जातो. परवा समोर एक शाळकरी पोरगा खिडकीला चिकटून बसलेला, दिघा सोडल्यावर गाडीने वेग घेतला आणि बघतो तर त्याची बुबुळं हळूच एका बाजूला सरकतायत आणि खटकन परत, परत सरकतायत परत खटकन, आणि पठ्ठ्याला काही पत्ताच नाही. मग आजूबाजूला पाहिलं तर बाहेर बघणाऱ्या सगळ्यांचंच तेच चालू (जास्त टक लावून बघितलं असतं तर मार खाल्ला असता म्हणून आवरतं घेतलं). तर हे डोळ्याचे स्नायूच करतात ना? किती असतात, कसे चालतात? आणि दुसरं म्हणजे मला -३ नंबर आहे, आईचं ठाम मत की मोबाइल बघून बघून स्नायू कमजोर झालेत, डोळे गोल गोल फिरव, चष्मा जाईल. खरंय का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चष्मेवाली_नौपाडा
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासून नंबर काढते, म्हणून लिहिते. तुम्ही पाहिलंत त्याला ऑप्टोकायनेटिक निस्टॅगमस म्हणतात, गंमतीने रेल्वे निस्टॅगमस पण म्हणतात, आणि एकदम नॉर्मल आहे. डोळा बाहेरचा एखादा खांब पकडतो, तो मागे जाईल तसा त्याच्यासोबत सरकतो, आणि फार कडेला गेला की पुढचा खांब पकडायला उडी मारतो. ती उडी सेकंदाला ५०० अंशांच्याही वर जाऊ शकते. अगदी तान्ह्या बाळाला दिसतंय का हे बघायला पण काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा ड्रम फिरवून हीच हालचाल बघतात, कारण बाळ काय "वाच रे तिसरी ओळ" ऐकणार नाही.

स्नायू प्रत्येक डोळ्याला बाहेरून सहा. चार सरळ, वर खाली आत बाहेर, ते खोबणीच्या तळाशी एका कड्यापासून निघून बुबुळाच्या थोडं मागे पांढऱ्या भागाला चिकटतात. दोन तिरके. त्यातला वरचा तिरका माझा लाडका आहे, कारण तो निघतो मागून पण नाकाच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात कूर्चेची एक छोटीशी कप्पी असते, तिच्यातून त्याची दोरी वळते आणि मग मागे फिरून डोळ्याला जोडली जाते. म्हणून मागून येणारा स्नायू डोळ्याला खाली वळवू शकतो आणि त्याचा वरचा भाग नाकाकडे गोल फिरवू शकतो. आरशासमोर डोकं खांद्याकडे झुकवा आणि पांढऱ्या भागातल्या लाल शिरांकडे नीट बघा, डोळा थोडासा उलट्या दिशेने गोल फिरलेला दिसेल. ते तिरक्यांचं काम.

आणि एक स्नायू एकटा कधीच काम करत नाही. तुम्ही उजवीकडे बघितलंत की उजव्या डोळ्याचा बाहेरचा आणि डाव्याचा आतला एकदम ओढतो, आणि त्यांच्या समोरच्या दोघांना त्याच क्षणी ढील मिळते. बाहेरच्याला मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी सहावी, आतल्याला तिसरी, म्हणजे दोन वेगळ्या वायरी असून टायमिंग एक. हे जुळलं नाही की एकाचे दोन दिसतात.

कळव्याचा_बंड्या
कप्पीवरून आठवलं. बाबांना डायबेटिस, एक दिवस ठाणे स्टेशनच्या पुलावरून उतरताना पायऱ्या डबल दिसायला लागल्या, सपाट चालताना काही नाही, जिना आला की घाबरून कठडा धरायचे आणि मान एका बाजूला कलती ठेवायचे. आम्हाला वाटलं मानेचंच काहीतरी आहे. डॉक्टर म्हणाले चौथी नस, त्या वरच्या तिरक्या स्नायूलाच जाते ती, शुगरमुळे तिचा रक्तपुरवठा कमी झालाय. काही महिन्यांत आपोआप सुधारलं. पण अचानक डबल दिसायला लागलं तर घरी बसून वाट बघू नका, मागे कधीकधी मेंदूचं गंभीर काही असू शकतं.

घोडबंदर_वॉकर
व्यायामाने नंबर जातो!! माझ्या मामेभावाचा अर्ध्यावर आला, त्राटक आणि डोळे फिरवणे रोज. डॉक्टर लोक सांगणार नाहीत, त्यांचा धंदा आहे.

चष्मेवाली_नौपाडा
वॉकर दादा, धंदा माझा पण आहे तरी सांगते. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिमी असतो. तो १ मिमी जास्त लांब झाला की ढोबळमानाने -२.५ ते -३ नंबर लागतो. म्हणजे आपल्या ऐरोलीकरांची सगळी भानगड जेमतेम एका मिलिमीटरची. बाहेरचे सहा स्नायू गोळा फिरवतात, आखूड करत नाहीत, कितीही गोल गोल फिरवा. बेट्स नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९२० च्या सुमारास हेच सांगितलं होतं की फोकस बाहेरचे स्नायू करतात, तेव्हापासून ही समजूत फिरतेय. फोकस करणारा स्नायू डोळ्याच्या आत असतो, सिलिअरी. तो भिंगाभोवती रिंगसारखा असतो, आवळला की भिंगाला ताणणारे धागे सैल पडतात, भिंग फुगतं आणि जवळचं स्पष्ट दिसतं. लांब बघताना तो सैल असतो. डॉक्टरांनी ड्रॉप टाकल्यावर फोनवरचा मेसेज वाचता येत नाही ना, ते त्याच्यामुळेच, औषधाने तो तात्पुरता लुळा पडलेला असतो (बाहुली मोठी होऊन उन्हात डोळे दिपतात ते मात्र बाहुली आवळणारा वेगळा स्नायू लुळा पडल्यामुळे).

आता तुमचा मामेभाऊ. तरुण पोरांचा हा आतला स्नायू कधीकधी आवळलेलाच राहतो, मग लांबचं धूसर आणि खोटा मायनस नंबर. तो सैल झाला की नंबर "उतरतो". ड्रॉप टाकून तपासला असता तर आधीच कळलं असतं. खरा नंबर नाही उतरत.

फिजिओ_वाशी
थोडी भर. व्यायाम सरसकट फालतू नाहीत. जवळ बघताना दोन्ही डोळे आत वळवणं ज्यांना जमत नाही, वाचताना अक्षरं डबल होतात, डोकं दुखतं, त्यांना होतो फायदा. अमेरिकेत २००८ साली आलेल्या ट्रायलमध्ये ९ ते १७ वयाच्या मुलांना क्लिनिकमध्ये नीट शिकवून केलेली थेरपी, घरी नुसती पेन्सिल नाकाजवळ आणण्यापेक्षा बरीच सरस ठरली. पण तिथेही स्नायूत ताकद भरत नाही कोणी, दोन डोळ्यांचा ताळमेळ सुधारतो. बाहेरच्या स्नायूंत डोळा हलवण्यापुरती ताकद भरपूर असते हो, दिवसभर उड्या मारून थकत नाहीत.

ऐरोलीकर_विंडोसीट
धन्यवाद ताई, आईला दाखवतो (मानणार नाही). एक उपप्रश्न, आरशात आपले डोळे हलताना आपल्याला का दिसत नाहीत? डाव्या डोळ्याकडून उजव्याकडे नजर नेतो पण मध्ये काहीच हलल्यासारखं वाटत नाही.

फिजिओ_वाशी
उडीच्या वेळेला मेंदू चित्र दाबून टाकतो, नाहीतर वाचताना प्रत्येक उडीला सगळं जग घसरल्यासारखं दिसलं असतं. फोनचा सेल्फी कॅमेरा लावून तेच करा, तिथे दिसेल, कारण स्क्रीन किंचित उशिरा दाखवते आणि तोवर तुमची उडी संपलेली असते.

सुमनताई_कोपरखैरणे
म्हणजे आम्हाला चाळिशीचा चष्मा लागतो तो तरी स्नायू कमजोर झाल्यामुळेच ना? पेपर लांब धरून धरून हात पुरेना झालेत.

चष्मेवाली_नौपाडा
नाही हो ताई. आतला स्नायू त्या वयातही बऱ्यापैकी आवळतो, पण भिंगच कडक झालेलं असतं, सैल सोडलं तरी फुगत नाही. रीडिंगचा चष्मा करून घ्या, आणि आलातच आहात तर डोळ्याचं प्रेशर पण तपासून घ्या.