पलटणच्या नव्या मुलांपैकी पहिल्या सातांत कोण येईल, हे कशावरून ओळखावे?

पार्क_चौक

नमस्कार. प्रो कबड्डीचा लिलाव झाला की आमच्या सोलापूरच्या नवी पेठेतल्या मंडळींत दरवर्षी तोच वाद रंगतो. पुणेरी पलटणने घेतलेल्या नव्या मुलांची नावे जाहीर झाली, की कोणी बोलीच्या आकड्यावरून त्यांचा क्रम लावतो, तर कोणी भ्रमणध्वनीवर आलेली दोन मिनिटांची चित्रफीत दाखवून 'हा मुलगा पहिल्याच सामन्यात उतरणार' असे छातीठोकपणे सांगतो. चित्रफितीत अर्थातच यशस्वी चढाया आणि पकडी तेवढ्या असतात; फसलेली पकड कोणी कशाला जोडून पाठवील?

माझा प्रश्न असा, की सोलापुरात बसून दूरचित्रवाणीवर सामने पाहणाऱ्या माणसाला नव्या खेळाडूच्या संधीचा अंदाज कशावरून बांधता येईल? किंमत पाहावी, राष्ट्रीय स्पर्धेतली कामगिरी पाहावी, की आणखी काही? जाणकारांनी जरा सविस्तर लिहावे, ही विनंती.

डावा_कोपरा

आपण विचारलेल्या दोन्ही गोष्टी मी शेवटी पाहतो. आधी संघात जागा कोणती रिकामी आहे ते पाहावे.

संघात किमान १८ आणि जास्तीत जास्त २५ खेळाडू असतात, पण मॅटवर उतरतात सातच. त्यांत दोन कोपरे म्हणजे दोन टोकांचे बचावपटू, त्यांच्या आतल्या बाजूचे दोन मध्यरक्षक आणि उरलेले तीन चढाईचे, अशी साधारण मांडणी असते; त्या तिघांत एखादा अष्टपैलू असतो. लिलावाआधी कायम ठेवलेल्या खेळाडूंची यादी येते, ती अनुभवी, तरुण आणि आधीच करारात असलेले नवोदित अशा तीन गटांत असते. ही यादी कागदावर सात जागा आखून त्यांत भरत गेलात, तर लिलाव सुरू होण्यापूर्वीच चार-पाच जागा भरलेल्या दिसतात. नव्या मुलाची खरी शर्यत उरलेल्या दोन-तीन जागांसाठी असते. तो कितीही गुणी असला आणि त्याच्या जागेवर संघाचा कणाच उभा असला, तर तो हंगाम त्याने राखीव खेळाडूंत बसून काढायचा, हे ठरलेले.

दहाव्या हंगामात पलटणने मोहम्मदरेझा शादलूईला २ कोटी ३५ लाखांना घेतले आणि त्याने डाव्या कोपऱ्यातून पकडींचे ९९ गुण मिळवले. त्या वर्षी पलटणमध्ये असलेल्या एखाद्या नवख्या डाव्या कोपरारक्षकाला कोणी संधी द्यावी, आणि का द्यावी? पुढच्या लिलावात हरियाणा स्टीलर्सने त्याला २ कोटी ७ लाखांना नेले. एका माणसाच्या जाण्याने पुण्यात एक दार उघडले आणि तिकडे तसेच एक दार बंद झाले. दोन्हीकडच्या नवोदितांचा खेळ मात्र होता तेवढाच होता.

किमतीबद्दल थोडेसे. लिलावात खेळाडूंचे अ ते ड असे गट असतात. ड गटाची पायाभूत किंमत ९ लाख आणि अ गटाची ३० लाख. हा फरक मुख्यतः आजवरच्या अनुभवाचा आहे. त्यावर बोली किती चढते, ते त्या क्षणी किती संघांना तीच जागा भरायची आहे आणि संघाला खर्चायला मिळणाऱ्या ५ कोटींपैकी कोणाकडे किती उरले आहेत, यावर ठरते. एकाच जागेसाठी दोन संघ अडून बसले, की मध्यम खेळाडूचेही भाव चढतात.

पलटणपुरते सांगायचे, तर आठव्या हंगामाचा विचार करावा. चढाईसाठी राहुल चौधरी आणि नितीन तोमर अशी मोठी नावे होती, पण त्यांचा पूर्वीचा भर ओसरला होता. कागदावर भरलेली दिसणारी ती जागा प्रत्यक्षात मोकळीच होती. अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या दोन पोरांनी ती घेतली. पुढे त्याच अस्लमच्या नेतृत्वाखाली पलटणने १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणाचा २८-२५ असा पराभव करून पहिले विजेतेपद मिळवले. म्हणून यादी वाचताना नावामागे गेल्या हंगामातले खेळलेले सामनेही लिहून ठेवावेत. बारा सामने बाहेर बसलेला अनुभवी खेळाडू म्हणजे अर्धी रिकामी जागा समजावी.

मंगळवेढेकर

कोपरासाहेबांचे गणित चढाईपटूला जसे लागू पडते, तसे बचावपटूला पडत नाही, एवढे नोंदवावेसे वाटते.

चढाईपटू एकटा जातो आणि एकटा परततो. दोन चढाया रिकाम्या गेल्या, तिसरी करा-वा-मरा (गुण मिळवा, नाहीतर बाद व्हा) आली आणि मुख्य चढाईपटू बाहेर बसलेला असेल, तर प्रशिक्षक नवख्याला तेवढ्यापुरता उतरवून पाहतो. अशा तुकड्या-तुकड्यांतून त्याची परीक्षा होत राहते. सहाव्या हंगामात आपल्या चंदगडच्या सिद्धार्थ देसाईला यू मुम्बाने ३६ लाख ४० हजारांना घेतले, तेव्हा त्याचे नाव किती जणांनी ऐकले होते? त्याने चढाईचे दोनशेहून अधिक गुण काढले आणि पुढच्याच लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. देवांक दलालला जयपूरमध्ये फारशी संधी मिळाली नव्हती. पाटण्याला आल्यावर अकराव्या हंगामात त्याने चढाईचे ३०१ गुण मिळवले. सचिन तंवर निघून गेल्याने पाटण्याला चढाईपटू हवाच होता, हे खरे. तेवढ्यापुरते कोपरासाहेबांचे म्हणणे मला मान्य आहे.

कोपरारक्षकाची गोष्ट वेगळी. तो साखळीतला एक दुवा असतो. सहा किंवा सात बचावपटू मॅटवर असताना चढाईपटू बोनसच्या रेषेकडे झेपावतो, तेव्हा नवख्या कोपऱ्याची टाच उचललेली असते का, तेवढे एकदा निरखून पाहा. अनुभवी कोपरा चढाईपटूचे सगळे वजन पुढच्या पायावर येईपर्यंत थांबतो आणि मगच घोट्याला हात घालतो; त्याच वेळी शेजारचा मध्यरक्षक आतल्या बाजूने येऊन परतीची वाट अडवतो. हा मेळ एका शिबिरात जमत नाही. कोपरा अर्धा क्षण आधी गेला, तर स्वतः बाद होतोच, शिवाय मदतीला धावलेल्या मध्यरक्षकालाही घेऊन जातो, आणि पाहता पाहता सगळा संघ बाद होऊन लोण चढते. म्हणून प्रशिक्षक बचावात प्रयोग करायला कचरतात. एका हंगामात पकडींचे १०० गुण मिळवणारा पहिला बचावपटू नितेश कुमार यूपी योद्धाचा. तो पराक्रम त्याने सहाव्या हंगामात केला, पण पाचवा हंगामही तो त्याच संघाकडून खेळला होता. नव्या बचावपटूला पहिल्याच वर्षी पारखू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक जादा गोष्ट. आपल्या जिल्ह्यात अजूनही बऱ्याच स्पर्धा मातीवर होतात. मातीवर पाय थोडा घसरतो आणि चढाईपटूला वळायला वेळ लागतो. मॅटवर बुटाची पकड असल्याने तो जागच्या जागी गर्रकन वळतो. मातीवर घोटा हमखास धरणाऱ्या पोराचा हात मॅटवर हवेत राहतो, ही रडगाणी आम्ही मंगळवेढ्यात पुष्कळ ऐकली आहेत.

आकडेमोड

वेळापत्रकही पाहावे. अकराव्या हंगामापर्यंत साखळीत प्रत्येक संघाला २२ सामने मिळत. बाराव्यात ते १८ झाले. म्हणजे नवख्याला आजमावण्याची फुरसत तेवढीच कमी झाली.

त्याच हंगामात गुणपद्धतीही बदलली. पूर्वी सात किंवा त्याहून कमी फरकाने हरल्यास एक गुण मिळत असे, म्हणून पिछाडीवरचा संघही शेवटच्या चढाईपर्यंत आपले खंदे खेळाडू सोडत नसे. आता विजयाला दोन गुण आणि हरणाऱ्याला काहीच नाही. पंधरा गुणांनी मागे पडलेल्या संघाने अखेरची पाच मिनिटे नव्या मुलांना द्यावीत, याला आता पूर्वीइतकी अडचण उरलेली नाही. प्रत्यक्षात किती प्रशिक्षक तसे करतात, ते सामना पाहताना टिपून ठेवण्यासारखे आहे. एकतर्फी सामना म्हणून दूरचित्रवाणी बंद करणाऱ्यांच्या नजरेतून नेमके हेच निसटते.

पार्क_चौक

सर्वांचे मनापासून आभार. सात जागा आखण्याची कल्पना मंडळींना दाखवली, तर निम्मा वाद तिथेच मिटला; उरलेला निम्मा अस्लमच्या दुखावलेल्या गुडघ्यावर अडला आहे.

एक शेवटची शंका. समजा, एकाच जागेसाठी संघाने दोन नवोदित घेतले आहेत, दोघेही उजव्या कोपऱ्याचे. त्यांतला पुढे कोण, हे हंगाम सुरू होण्यापूर्वी कळण्याचा काही मार्ग आहे का?

डावा_कोपरा

सुरू होण्यापूर्वी कळणे अवघड. पहिल्या चार सामन्यांत मात्र बहुतेक कळते. मुख्य उजवा कोपरा बाद होऊन बाहेर बसला, की त्याच्या जागी कोण सरकतो, याकडे लक्ष ठेवा. प्रशिक्षकाने मध्यरक्षकालाच कोपऱ्यात ढकलले, तर दोघांवरही त्याचा अजून विश्वास बसलेला नाही, असे समजावे. दोघांपैकी एकाला बदली म्हणून उतरवले, तर त्याने पकड केली की नाही, याकडे पाहू नका. तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरल्यावर सुपर टॅकलच्या, म्हणजे अशा वेळच्या पकडीला मिळणाऱ्या जादा गुणाच्या, मोहात तो आधीच पुढे जातो, की मध्यरक्षकाच्या इशाऱ्याची वाट पाहतो, ते पाहा. वाट पाहणारा मुलगा पुढच्या सामन्यातही बहुधा दिसतो. मंगळवेढेकरांनी सांगितल्याप्रमाणे त्याच्या शेजारी कोण उभा होता, तेही नावासह लिहून ठेवा, आणि पहिल्या आठवड्यानंतर इथे कळवा.