मदत हवी आहे: खारपाणपट्ट्यात लोकरीचा गालिचा कसा स्वच्छ करावा?

नमस्कार. आम्ही अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर तालुक्यात एका खेड्यात राहतो. आमच्या बैठकीत सासऱ्यांनी भदोहीहून आणवलेला लोकरीचा गालिचा आहे. दिराच्या लग्नात तो पाहुण्यांसाठी अंथरला होता आणि तेव्हापासून त्यात शेतातली काळी माती, एका कोपऱ्यात सांडलेला दुधाचा चहा आणि तळहाताएवढा हळदीचा डाग राहिला आहे. पावसाळा लागण्याआधी तो नीट स्वच्छ करून ठेवण्याची माझी इच्छा आहे, कारण घरात सासऱ्यांची म्हणून जपलेली ही एकच मोठी वस्तू आहे.

सुती सतरंज्यांविषयी माझा प्रश्न नाही. त्या आम्ही झोडपतो, साबणाच्या पाण्यात भिजवून धुतो आणि गच्चीवर वाळवतो. सूत हे सगळे सहन करते. लोकर मात्र केसांप्रमाणे प्रथिनांची बनलेली असल्यामुळे धुण्याचा सोडा आणि ब्लीचिंग पावडर तिला झिजवतात, आणि गरम पाण्यात चोळल्यास ती आटून घट्ट होते, एवढे मला माहीत आहे.

खरी अडचण पाण्याची आहे. आमचे गाव पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येते. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि वाळलेल्या कपड्यांवर पांढरट थर राहतो. नळाचे गोडे पाणी येते, पण ते पिण्यासाठी पुरवून वापरावे लागते. शहरातील एका धुलाई केंद्राने गालिचा न पाहताच तो यंत्रात टाकू असे सांगितल्यामुळे तिकडे नेण्याचे धाडस होत नाही. कमी पाण्यात तो घरी धुता येईल का, साबणाऐवजी रिठे चालतील का, आणि हळदीच्या डागाचे काय करावे, हे ज्यांनी स्वतः केले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद

ताई, आम्ही अकोट तालुक्यातले, म्हणजे तुमच्यासारखेच खाऱ्या पाण्याचे. सर्वांत आधी गालिचा उलटा करून पाहा. पाठीवर एकेक गाठ आणि पुढचीच नक्षी दिसत असेल, तर तो हाताने गाठी मारून विणलेला आहे आणि बेताने धुता येतो. पाठीला कापड चिकटवलेले असेल, तर आत रबरी चिकाचा थर असतो. तो भिजून सुटतो, म्हणून असा गालिचा पूर्ण भिजवू नये. लोकरीची खात्री करायची असल्यास एक धागा जाळून पाहा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली, तर ती लोकर आहे; वितळून कडक मणी झाला, तर धागा कृत्रिम आहे.

पाणी लावण्याआधी माती कोरडीच निघाली पाहिजे, आणि माझ्या मते निम्म्याहून अधिक काम इथेच होते. आपली काळी माती अत्यंत बारीक कणांची असून ओली झाली की फुगते आणि चिकटते, त्यामुळे धूळ असताना टाकलेले पाणी लवेच्या मुळाशी चिखल करते. गालिचा बाजेवर उलटा टाकून पाठीवर हलक्या हाताने झोडपावा, मग सरळ करून लवेच्या दिशेने मऊ फड्याने झाडावा. खाली पडणारी धूळ थांबेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. वासासाठी खाण्याचा सोडा कोरडाच भुरभुरून काही तासांनी पूर्णपणे झाडून टाकता येतो, पण ओल्या लोकरीवर तो राहू देऊ नये.

यानंतर रंगाची परीक्षा करा. पांढरे ओले फडके लाल भागावर थोडा वेळ दाबून धरावे. फडक्याला लाली आली, तर धुण्याचा विचार सोडून केवळ पिळलेल्या फडक्याने पुसून घ्यावे. रंग पक्का असेल, तर रिठे योग्यच आहेत. साबण खाऱ्या पाण्यातील क्षारांशी मिळून चिकट गाळ तयार करतो. रिठ्याचा फेस तसे करत नाही. रिठे रात्रभर भिजवून कुस्करावेत, पाणी गाळावे आणि वरचा फेस स्पंजाने लवेच्या दिशेने फिरवावा. गोडे पाणी शेवटच्या फेरीसाठी राखून ठेवा आणि त्या बादलीत अर्धी वाटी व्हिनेगर घाला. चहाच्या डागावर थंड पाण्याचे फडके बाहेरून आत दाबत जावे. त्यात दूध असल्यामुळे गरम पाण्याने तो पक्का होतो.

हळदीला साबण किंवा सोडा अजिबात लावू नका, कारण त्यांतील अल्कलीने (क्षारधर्मी पदार्थाने) हळद लाल होते. हळदीचा रंग उन्हात मात्र विटतो. डागापुरते भोक पाडलेले जाड कापड गालिच्यावर पसरून सकाळच्या उन्हात तेवढाच भाग उघडा ठेवावा आणि रोज तपासावा, म्हणजे बाकीचा लाल रंग उडणार नाही.

धागाकर्तीचे उत्तर

दादा, मनापासून आभार. पाठीवर गाठी स्पष्ट दिसतात आणि धाग्याला केस जळल्याचाच वास आला, त्यामुळे झोडपण्यापासून सुरुवात करते. वाळवण्यासाठी ओसरीत बाज ठेवली तर खालूनही वारा लागेल का, आणि नंतर कसर लागू नये म्हणून काय करावे?

प्रतिसाद

ओसरी उत्तम आहे. गालिचा उलटा पसरावा आणि मधूनमधून फिरवावा. पाठ आतपर्यंत कोरडी झाल्याशिवाय गुंडाळू नका, कारण ओल राहिल्यास बुरशी येते. घडी न घालता लव आतल्या बाजूला ठेवून गुंडाळा, सुती चादरीत बांधा आणि प्लास्टिक टाळा. डांबराच्या गोळ्या पुरचुंडीत घालून मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. तरीही पावसाळ्यात उघडीप मिळाली की एकदा सोडून पाहावा, कारण कसरीच्या अळ्या अंधारातील, न हललेल्या लोकरीतच वाढतात.